माजी सैनिक म्हटलं की कोण आठवतं?

मी वरकुट्याची, इंदापूर तालुक्यातली. आमच्याकडे पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की माजी सैनिकांना पुढच्या खुर्च्यांवर बसवतात. बायकांनाही मान मिळतो, पण तो वीरमाता म्हणून, नाहीतर वीरपत्नी म्हणून. म्हणजे कुणाची तरी आई, कुणाची तरी बायको. स्वतः वर्दी घालून आलेल्या बाईला काय म्हणायचं? पटकन शब्द सुचत नाही ना?

शब्द नसला की मोजणीही राहून जाते. अमेरिकेत नेमकं हेच झालं. तिथे 1980 च्या जनगणनेत बायकांना पहिल्यांदाच विचारलं, ‘तुम्ही कधी सैन्यात होता का?’ जवळपास 12 लाख जणी ‘हो’ म्हणाल्या! सरकारी खात्याला त्यातल्या कित्येकींचा पत्ताच नव्हता. मग 1985 मध्ये खास या बायकांचा सर्व्हे झाला. त्यात कळलं, की निम्म्याहून जास्त जणींना आपण सवलतींना पात्र आहोत हेच माहीत नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्यात बायकांच्या तपासणीची धड सोय नसल्याचं 1982 च्या सरकारी अहवालातच आलं होतं.

आता आपल्याकडे या. मार्च 1888 मध्ये दहा नर्स मुंबई बंदरात उतरल्या, आणि लष्करी नर्सिंगची इथली गोष्ट सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ला, विमेन्स ऑक्झिलरी कोअर उभी राहिली. साधारण साडेअकरा हजार बायका टेलिफोन, टायपिंग, सांकेतिक संदेश असली कामं करत होत्या. युद्ध संपलं, कोअर गुंडाळली, आणि या सगळ्या घरी गेल्या. पुढे त्यांचं काय झालं, कुणाला पडलंय?

सेलिना जॉन यांची केस मात्र ऐकाच. त्या लष्करी नर्सिंग सेवेत लेफ्टनंट होत्या. 1988 ला लग्न केलं, आणि त्याच वर्षी नोकरी गेली. का? तर लग्न केलं म्हणून! 1977 चा तसा नियमच होता, तोही फक्त बाईला. 1995 ला तो मागे घेतला, पण त्यांची नोकरी जायची ती गेलीच होती. फेब्रुवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना 60 लाख रुपये द्यायला लावले. मधे 36 वर्षं गेली. पैसे मिळाले हे बरंच झालं, पण ज्या कोर्टापर्यंत पोचल्याच नाहीत, त्यांची यादी कुठे आहे?

डॉक्टर-नर्स सोडून इतर शाखांत बायका अधिकारी म्हणून घ्यायला 1992 पासून सुरुवात झाली. आधी पाच वर्षं, मग वाढवत चौदापर्यंत. अधिकाऱ्याला पेन्शन लागायला वीस वर्षं हवीत. हिशेब तुम्हीच करा. ऐन चाळिशीच्या आसपास बाहेर, आणि पेन्शन शून्य. कायमस्वरूपी कमिशनचा मोठा निकाल आला 17 फेब्रुवारी 2020 ला, बबिता पुनिया खटल्यात. त्याआधीच बाहेर पडलेल्या कितीतरी जणींना त्याचा काय उपयोग?

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे सर्व्हे केला तर नुसतं ‘पेन्शन मिळते का’ विचारून भागणार नाही. लग्नामुळे, बाळंतपणामुळे नोकरीत काय झालं? बाहेर पडल्यावर दुसरं काम मिळालं का? दवाखान्यात लेडी डॉक्टर असते का? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पुण्यात, वरकुट्याहून शंभरावर किलोमीटर. तिथवर एकटीनं जायला जमतं का?

आणि ही संख्या आता वाढणार आहे. आपल्याच जिल्ह्यात, खडकवासल्याच्या एनडीएतून 30 मे 2025 ला मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. 17 जणी होत्या.

तर एक काम सांगते. तुमच्या नात्यात, गल्लीत एखादी मावशी, आत्या, आज्जी असेल, तिला विचारा. ‘तुम्ही माजी सैनिक आहात का’ असं नको, ती ‘नाही बाई’ म्हणून मोकळी होईल. असं विचारा, ‘आर्मी, नेव्ही, एअरफोर्समध्ये कधी नोकरी केलीत का? मिलिटरी हॉस्पिटलात वर्दीवर असलात तरी सांगा.’ काय उत्तर येतं ते मला व्हॉइस मेसेजवर नक्की पाठवा.