गळतीचा माग: मंगलोरी कौलाची कुळकथा

पहिल्या पावसात माजघरात पाणी टपकले की नवखा माणूस शिडी लावून बरोबर डोक्यावरचे कौल बदलतो, आणि गळती चालूच राहते. फुटक्या कौलातून शिरलेले पाणी कौलाच्या पोटाला धरून उतरते, रिपेवर अडते, वाशाला लागते आणि वाशावरून हात-दोन हात खाली येऊन एखाद्या गाठीपाशी सुटते. म्हणून जाणता माणूस ठिबक दिसते तिथून वर, आढ्याकडे बघत जातो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत ही नजर घरोघर लागायची. माझ्या मते तिची खरी गरज मंगलोरी कौलाने निर्माण केली.

त्याआधी छपरावर गवत असे, नाहीतर नळीची कौले. कुंभार चाकावर निमुळता नळा काढायचा आणि उभा चिरून त्याच्या दोन नळ्या करायचा. एक उताणी, तिच्यावर एक पालथी. अडकवायला काही नाही, सगळा भरवसा वजनावर. मांजर धावले, माकड उडाले, वारा भरला की ती सरकायची. मग मृगाआधी सगळे छप्परच शाकारायचे. नेमके कुठले कौल गळते हे विचारण्याची वेळच येत नसे.

चपट्या, एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे माहेर अल्सासमधले आल्टकिर्श. तिथल्या जिलार्दोनी बंधूंनी 1841 साली त्याचे पेटंट घेतले. मंगलोरला ते घडवले बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन कारागिराने. नेत्रावतीकाठची चिकणमाती हाताशी होतीच. 1865 साली जेप्पू इथे कारखाना उभा राहिला. किनाऱ्याकिनाऱ्याने जहाजांतून माल उत्तरेकडे जाऊ लागला. (या कौलांच्या पोटावर 1865 वाचून कुणी घराचे वय सांगू लागले तर विश्वास ठेवू नये. ते साल कारखान्याचे.)

या कौलाच्या पोटाला दोन खुंट्या असतात, त्या रिपेवर बसतात. कडेची खाच शेजारच्याच्या काठाला धरते. नळ्यांपेक्षा नग कमी लागतात, छप्पर हलके होते आणि कौल सहसा सरकत नाही. तेव्हा गळले तर कारण शोधावे लागते: चीर गेली आहे, खाचेत पाला आणि शेवाळ साचून पाणी उलटले आहे, की पाख्याचा उतारच कमी असल्याने वारा पाणी वर ढकलतो आहे. शेवटच्या दुखण्याला कौल बदलून काहीच होत नाही, आणि नेमका तिथेच सर्वांत जास्त पैसा वाया जातो.

शोधायची रीत मात्र बिनखर्ची. भर दुपारी दारे लावून माळ्यावर बसायचे. तडा मोठा असेल तर उन्हाची रेघ आत येते. केसाएवढी चीर उजेडालाही दाद देत नाही. तेव्हा कौल काढून बोटाच्या पेराने ठोकायचे. धड कौल खणखणते, चिरलेले बद्द वाजते. वाशावरचा काळा ओघळ गेल्या पावसाळ्यातली वाट दाखवतो, तो पुसू नये.

कौल सापडले तरी एक अडचण राहते. पुढे गावोगाव कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या साच्यात खाचेचा थोडा फरक पडला. एकाचे कौल दुसऱ्याच्या शेजारी नीट बसत नाही, फट राहते आणि नवी गळती तिथून सुरू होते. म्हणून जुन्या घरांच्या मागीलदारी त्याच छापाची पाच-पंचवीस कौले भिंतीला टेकवून ठेवलेली असतात, आणि कुणाचे घर उतरवायला काढले की शेजारी आधी छाप बघायला येतात.