जंजिरा समुद्रात, पण त्याची गोष्ट जुन्नरची

जंजिरा म्हटलं की आपल्याला मुरूड आठवतं, शिडाच्या होड्या आठवतात, कलालबांगडी तोफ आठवते. जुन्नर कोणालाच आठवत नाही. खरं तर या बेटाच्या इतिहासात आपला तालुका पुन्हा पुन्हा येतो. पोस्ट थोडी लांब आहे, पण शिवजयंतीला स्टेटस ठेवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी विनंती.

सुरुवात पंधराव्या शतकाच्या शेवटापासून. बहमनी राज्य मोडकळीला आलेलं. जुन्नरचा कारभार मलिक अहमदकडे. त्याने शिवनेरी घेतला, आसपासचे किल्ले घेतले आणि घाट उतरून थेट दंडा-राजपुरीला वेढा घातला. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला, तीच निजामशाही. नगर शहर वसलं १४९४ ला. त्याआधी या नव्या राज्याची सूत्रं जुन्नरहून हलत होती. आपल्या बेल्ह्यापासून तासाभरावर असलेल्या गावातून समुद्रातल्या बेटाचा निकाल लागत होता!

आता बेटाची ती प्रसिद्ध गोष्ट. राजपुरीच्या खाडीसमोरच्या खडकावर रामपाटील या कोळी नायकाचा लाकडी मेढेकोट होता. निजामशाहीचा एक हबशी सरदार व्यापाऱ्याच्या वेषात आला, माल उतरवायची परवानगी मागितली आणि रात्री त्या मालातून हत्यारबंद माणसं बाहेर पडली. मुरूडला होडीत बसलात की हे हमखास ऐकायला मिळतं. कोणी दारूची पिंपं सांगतं, कोणी पेट्या. १८८३ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्येही ही हकीकत आहे, तिथे पेट्या आहेत. ग्रीकांच्या लाकडी घोड्याची गोष्ट याच वळणाची.

मी बातमीदार माणूस. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं : कोण सांगतंय, घटनेनंतर किती दिवसांनी सांगतंय आणि त्याला कसं कळलं? हे तीन प्रश्न पेट्यांच्या गोष्टीला लावले की ती दंतकथेच्या खात्यात जाते. ती खोटी म्हणून फेकून द्या असं नाही. कोळ्यांचं बेट कपटाने गेलं ही आठवण तिच्यात जपलेली आहे. पण आठवण वेगळी आणि पुरावा वेगळा. आज दिसतो तो दगडी किल्ला बुऱ्हाणखानाच्या काळातला, १५६७ ते १५७१ च्या दरम्यानचा, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात.

पुढचा टप्पा पुन्हा जुन्नरचा. मलिक अंबर हबसाणातून गुलाम म्हणून आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने काही काळ राजधानी जुन्नरलाच ठेवली होती. जंजिऱ्याचे सिद्दीही याच दरबाराचे चाकर. आणि भोसले? मालोजीराजे निजामशाहीचेच सरदार. १६२४ ला नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले. त्याच लढाईत त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. म्हणजे पुढे ज्या दोन सत्तांनी एकमेकींशी वर्षानुवर्षं झुंज दिली, त्या एकाच दरबारातून बाहेर पडल्या होत्या. एक शिवनेरीच्या पाळण्यातून, दुसरी राजपुरीच्या खाडीतून.

१६३६ ला निजामशाही संपली. सिद्दी आदिलशाहीकडे गेले, नंतर मुघलांकडे. मालक बदलत राहिले, बेट मात्र त्यांच्याकडेच राहिलं, ते थेट १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत.

शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासाठी काय केलं नाही? मोहिमा काढल्या, आरमार उभारलं, शेजारच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. इथे मला कुठल्याही कादंबरीपेक्षा एक पत्र मोठं वाटतं. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी जिवाजी विनायक या प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेलं. पद्मदुर्गाला पैसा आणि रसद वेळेवर पोचली नाही म्हणून त्याला झाडलंय. सिद्दीला मिळालास की काय, अशी शंका थेट घेतलीय. जातीने ब्राह्मण आहेस म्हणून गय होणार नाही, असंही बजावलंय. त्यात तलवारीचा खणखणाट नाही. आहे तो दाणागोटा, तिजोरी आणि एक कामचुकार अधिकारी. बेट जिंकायचं असेल तर धान्याची पोती वेळेवर पोचायला लागतात, हे त्या राजाला नीट माहीत होतं. आजच्या सरकारी फायलींशी हे जुळवून बघा, फार लांबचं वाटणार नाही.

संभाजीराजांनी १६८२ च्या सुमारास जंजिऱ्याला जोर लावला. किनारा आणि बेट यांच्यामधलं पाणी दगडांनी भरून वाट करायचा प्रयत्न झाला. त्याच सुमारास मुघल सरदार हसन अली खान फौज घेऊन कल्याण भागात उतरला. कुठून? जुन्नरकडून. संभाजीराजांना मोहीम दुसऱ्यांवर सोपवून माघारी फिरावं लागलं.

आता मुद्द्याचं. शिवाजी सावंतांची ‘छावा’ आणि विश्वास पाटलांची ‘संभाजी’ आपल्याकडे घरोघरी वाचली गेली. मीही रात्री जागून वाचली. ज्यांनी शाळेनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं त्यांना या कादंबऱ्यांनी वाचायला लावलं, हे उपकार मोठे आहेत. पण कादंबरीकाराला संवाद लिहावे लागतात, पावसाळी रात्र रंगवावी लागते, खलनायक काळाकुट्ट करावा लागतो. तो त्याचा हक्क आहे. घोटाळा पुढे होतो. कादंबरीतलं वाक्य कापलं जातं, त्याखाली फोटो लागतो आणि ‘खरा इतिहास’ म्हणून ग्रुपवर फिरतं. मग त्यावरून बाजारात बाचाबाची. बखरींचंही तसंच. सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून लिहिलं, म्हणून त्याला वजन आहे. त्यानंतर शंभर वर्षांनी लिहिलेल्या बखरीला तेवढं वजन देता येत नाही.

कादंबरीने आपल्याला सिद्दी फक्त शत्रू म्हणून दाखवला. कागद बघितले की कळतं, तो एकेकाळी आपल्याच जुन्नरच्या दरबाराचा नोकर होता. शत्रू तर होताच, त्याने कोकणातल्या रयतेला छळलं हेही खरं. पण तो आकाशातून पडला नव्हता. जंजिऱ्याच्या दरवाजावर हत्तींना पंजात धरलेला शरभ आहे. शिवनेरीच्या दरवाजावरही शरभ कोरलेले आहेत. पुढच्या वेळी पोरांना गडावर न्याल तेव्हा हे दाखवा.

शेवटी एक विनंती. आपल्या भागात जुने वाडे पडतायत, माळे रिकामे होतायत. मोडी लिपीतले कागद ‘वाचता येत नाही’ म्हणून रद्दीत जातात नाहीतर बंबात. असं कोणी करू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुराभिलेखागार आहे, मोडी वाचणारी माणसं आहेत. निदान फोटो काढून ठेवा. रसदीबद्दलचं ते एक पत्र टिकलं म्हणून महाराज कसे कारभार बघायचे ते आपल्याला कळलं. कागद संपले तर आपल्या हातात फक्त कादंबऱ्या उरतील आणि मग जो मोठ्याने बोलेल त्याचा इतिहास.

कोणाच्या घरात असे कागद असतील तर कमेंटमध्ये नुसतं ‘आहेत’ एवढं लिहा. मी येऊन बघतो.