नकाशात आपण कुठे?

दुक्ममध्ये दिवाळीचा किल्ला करायचा म्हणजे पहिली अडचण मातीची. इथली वाळू कितीही भिजवा, वारा लागला की बुरूज खाली येतो. गेल्या वर्षी आम्ही दगड रचले, त्यावर जुनी पोती टाकली, कुठून तरी मिळवलेली दोन गोण्या चिकट माती त्यावर लिंपली आणि अळीव पेरले. मोठी माणसं, म्हणजे आम्हीच, दरवाजा कुठल्या बाजूला असावा यावर वाद घालत होतो. नववीतला एक मुलगा मात्र कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता.

मी म्हटलं, "अरे, इकडे ये, किल्ला बांधायचाय."

तो मान वर न करता म्हणाला, "काका, मी पण किल्लाच बांधतोय."

पडद्यावर खरंच किल्ला होता. 'एज ऑफ एम्पायर्स 2' नावाचा खेळ. शेती करायची, लाकूड तोडायचं, तट बांधायचा, फौज उभी करायची. जगभरातले लोक तो एकमेकांविरुद्ध ऑनलाइन खेळतात. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "यात इंडियाचे चार ऑप्शन आहेत. आपण यातले कोण?"

मी वाचलं. हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड, बंगाली. मला काही उत्तर देता आलं नाही. तोच पुढे म्हणाला, "राष्ट्रगीतात तर गुजरात आणि द्राविड यांच्या मध्ये आपण आहोत. इथे तेवढंच गाळलंय."

पोराचं निरीक्षण अचूक होतं. त्यानंतर वर्षभर मी या खेळाचा इतिहास शोधत राहिलो. तो आपल्या दोन्ही पिढ्यांना सांगावासा वाटतो, म्हणून हा लेख.

हा खेळ 1999 साली अमेरिकेतल्या एन्सेम्बल स्टुडिओज या कंपनीने काढला. मध्ययुगाचा खेळ, साधारण रोमच्या पतनापासून सोळाव्या शतकापर्यंतचा. त्यात तेरा संस्कृती होत्या. ब्रिटन, फ्रँक, व्हायकिंग, मंगोल, चिनी, जपानी, अरबांसाठी सॅरासेन, आणि इराणी. भारत नव्हता. गंमत अशी की हत्ती होते, पण ते इराण्यांच्या फौजेत! 2000 साली भर पडली ती अझ्टेक, माया, स्पॅनिश, हूण आणि कोरियन यांची. भारत तेव्हाही नाही.

2009 च्या सुरुवातीला ती कंपनीच बंद पडली. तो खेळ तिथेच थांबायचा, पण थांबला नाही, कारण तो खेळणारे थांबले नाहीत. वेगवेगळ्या देशांतल्या काही चाहत्यांनी आपल्या फावल्या वेळात मूळ खेळाला जोडायची एक भर तयार केली. अशा भरीला 'मॉड' म्हणतात. 2012 च्या डिसेंबरमध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली आणि पाच नव्या संस्कृती आल्या. त्यांत पहिल्यांदा 'इंडियन्स' होते. हत्तीवरून बाण मारणारे सैनिक, उंटांचं दळ, आणि पृथ्वीराजाची मोहीम. काम इतकं चांगलं होतं की पुढच्याच वर्षी, 2013 च्या नोव्हेंबरमध्ये, ते मूळ खेळाची अधिकृत भर म्हणून प्रसिद्ध झालं.

म्हणजे त्या नकाशात भारत कुठल्या सरकारने आणला नाही, कुठल्या बड्या कंपनीनेही नाही. चाहत्यांनी आणला.

पण आणला तो एकाच नावाखाली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फौज, एकच पद्धत. युरोपला डझनभर नावं आणि एवढ्या मोठ्या उपखंडाला एक, यावर खेळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद झाला. चोळांचं आरमार आणि राजपुतांचे घोडेस्वार एकाच डब्यात कसे घालता, असा साधा सवाल होता. अखेर 28 एप्रिल 2022 रोजी 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' ही भर आली आणि एकाचे चार झाले. राजेंद्र चोळ आला, बंगालचा देवपाल आला, बाबर आला. द्रविडांना आरमार मिळालं, उरुमी नावाची लवचीक तलवार फिरवणारे सैनिक मिळाले. गुर्जरांना चक्र फेकणारे मिळाले. नर्मदा आणि कृष्णा यांच्या मधला मुलूख मात्र कुणाच्याच वाट्याला नीट आला नाही.

आपल्यातल्या मोठ्यांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "शिवाजी महाराज नाहीत? मग काय उपयोग!" माझीही तीच होती. पण मुलगा म्हणाला, "काका, टाइमलाइन बघा." खरंच, हा खेळ सोळाव्या शतकाशी थांबतो आणि महाराजांचा जन्म 1630 चा. महाराजांशिवाय आपण कोण, हे सांगायची वेळ आपल्यावर फारशी येतच नाही. त्या दिवशी आली.

आवडता प्रदेश खेळात आणावा, अशी मागणी जगभर होते. टोल्किनच्या कादंबऱ्यांवरचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन' 2007 साली सुरू झाला, तेव्हा त्यात हॉबिट लोकांचं शायर होतं, पण मोरियाच्या खाणी नव्हत्या आणि रोहनची कुरणंही नव्हती. मोरिया 2008 मध्ये आलं, रोहन 2012 मध्ये, मॉर्डोर 2017 मध्ये. चाहते वाट बघत राहिले, आधी कोणता प्रदेश यावर भांडत राहिले. पण त्यांचं भांडण सोपं होतं. रोहनची सीमा कुठे, हे टोल्किनच्या पुस्तकातल्या नकाशात काढलेलं आहे. पुस्तक उघडा, बोट ठेवा. आपल्या प्रदेशासाठी असं एकच पुस्तक नाही. आपल्याला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: कोणता काळ, कुठली सीमा, आणि नाव काय.

काळाचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं. देवगिरीचे यादव. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी केली. याच राजवटीत महानुभावांचं मराठी गद्य लिहिलं गेलं, 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी रामचंद्र यादवाचा उल्लेखही आहे. किल्ला तर खेळासाठीच बांधल्यासारखा. एकटा उभा डोंगर, त्याच्या कडा तासून सरळ भिंतीसारख्या केलेल्या, भोवती खडकात खोदलेला खंदक, आणि वर जायला अंधारी वाट. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. तेव्हा किल्ल्यात धान्याची म्हणून भरलेली पोती मिठाची निघाली, अशी गोष्ट सांगतात. अन्न संपलं की फौज उभी करता येत नाही, हे या खेळातलं पोरही जाणतं.

सीमेचं उत्तर अवघड. आपल्या डोळ्यांसमोर 1 मे 1960 चा नकाशा असतो. पण मराठीतला एक अगदी जुना कोरीव लेख अलिबागजवळ अक्षीला आहे, तर दुसरा कर्नाटकात, श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या पायाशी. 1347 मध्ये बहमनी राज्य स्थापन झालं ते दौलताबादेत, म्हणजे देवगिरीतच, आणि राजधानी गेली गुलबर्ग्याला. पुढे त्यातून निघालेल्या राज्यांच्या राजधान्या आज तीन राज्यांत विखुरल्या आहेत: अहमदनगर महाराष्ट्रात, विजापूर आणि बिदर कर्नाटकात, गोवळकोंडा तेलंगणात. गेल्या वर्षी, 2025 च्या जुलैत, मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात, पण बारावा जिंजी तमिळनाडूत. युनेस्कोच्या यादीतसुद्धा आपली सीमा सह्याद्रीत थांबली नाही.

मग नाव काय द्यायचं? 'मराठा' म्हटलं तर कानडी आणि तेलुगू खेळाडू विचारणार, आम्ही कुठे? 'यादव' म्हटलं तर बहमनी बाहेर. मला स्वतःला 'दख्खन' आवडतं. 2007 सालच्या 'एज ऑफ एम्पायर्स 3' च्या आशियाई भागात 'डेक्कन' या नावाचा नकाशा होताच, म्हणजे जमीन आली होती, फक्त माणसं यायची राहिली. पण 'दख्खन' घेतलं की सगळं घ्यावं लागतं. गुलाम म्हणून विकला गेलेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला हबशी मलिक अंबर घ्यावा लागतो आणि 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढलेले शहाजीराजेही. इराणी कारभारी, अरब घोड्यांचे व्यापारी, कानडी मजूर, मराठी देशमुख, सगळे एकाच फौजेत येतात. आवडता प्रदेश नकाशात आणायचा तर तो फक्त आपला राहत नाही. आपल्यातल्या पुष्कळांना हे पटणार नाही, मला कल्पना आहे. मलाही पटायला वेळ लागला.

पटलं ते इथे, ओमानमध्ये. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता धोफारहून जहाजाने निघाला आणि मसिरा बेटावरून सूरला उतरला. ती वाट आपल्या दुक्मच्या किनाऱ्यासमोरूनच जाते. पुढे तो कलहातला आणि निझव्याला गेला. हाच माणूस काही वर्षांनी दौलताबादेत पोचला आणि तिथल्या मराठ्यांबद्दल त्याने लिहून ठेवलं. तीनशे वर्षांनी, 1650 मध्ये, ओमानच्या यारुबी इमामाने पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकललं, आणि तिकडे सह्याद्रीत तरुण शिवाजीराजे किल्ले घेत होते. ओमानी आरमाराने 1668 मध्ये दीव लुटलं, 1674 मध्ये वसईवर हल्ला केला. ती वसई चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये जिंकली. ज्या पोर्तुगीजांशी आपण लढलो, त्यांच्याशीच हे लोकही लढले. 'युरोपा युनिव्हर्सालिस 4' या 2013 च्या खेळात हे सगळं एका नकाशावर दिसतं. त्यात 1444 पासून ओमान खेळता येतं, बहमनी राज्य खेळता येतं, आणि पुरेसा मुलूख मिळवला तर मराठा राज्य घडवताही येतं. दुक्ममध्ये वाढणाऱ्या मुलासाठी एवढा जवळचा नकाशा दुसरा नसेल.

कुणी म्हणेल, आपल्याच लोकांनी खेळ का नाही केला? केला की. 2020 साली आलेला 'राजी' हा अद्भुतकथेचा खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीचा. त्याआधी 2017 मध्ये लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. देव, राक्षस, भावाला शोधणारी मुलगी, सगळं अस्सल भारतीय. पण त्यातल्या महालांवर छाप आहे ती राजस्थानची, आणि चित्रांवर पहाडी शैलीची. यात चूक काही नाही, कलावंताने काय निवडावं हा त्याचा प्रश्न. तरी मनात येतंच, पुण्यात बसूनही सह्याद्रीचा काळा कातळ कुणाला दिसला नाही?

मुलांनो, हा भाग तुमच्यासाठी. प्रदेश नकाशात येतो तो मोठा आहे म्हणून नाही, आणि कुणी रागावलं म्हणूनही नाही. 2012 मध्ये काही लोकांनी बसून हत्ती काढले, उंटांची गती ठरवली, मोहिमेची गोष्ट लिहिली, म्हणून भारत आला. 'एज ऑफ एम्पायर्स 2' मध्ये स्वतःचे नकाशे करायची सोय 1999 पासून आहे. त्यात देवगिरी करा. डोंगर उभा करा, खंदक खोदा, अंधारी वाट ठेवा. कोठारात धान्य किती आणि मीठ किती, ते तुम्हीच ठरवा. अडलं तर आम्हाला विचारा. आम्हाला येत नसेल तर आम्ही आजीला फोन लावू.

आणि आम्ही मोठ्यांनीही एक करावं. "काय ते सारखं गेम" असं म्हणण्याआधी पडदा बघावा. आपण लहानपणी अंगणात चिखलात हात घालून तेच करत होतो. आपल्या किल्ल्यावरही मावळ्यांच्या शेजारी प्लास्टिकचा वाघ असायचा, पायथ्याशी पोपटवाला आणि मोटारगाडी असायची, आणि काळ-सीमा कुणी विचारत नव्हतं.

या दिवाळीत आमच्या मुलांनी मंडळाच्या किल्ल्यासाठी देवगिरी निवडलाय. नकाशा त्या नववीतल्या, आता दहावीतल्या मुलाने काढलाय, लॅपटॉपवर. मातीची अडचण आहेच. ज्यांच्याकडे चिकट माती असेल त्यांनी धनत्रयोदशीच्या आत आणून द्यावी.