सावलींतील लव्हाळा

सांगलीकडील उसाच्या मळ्यांत लव्हाळा दिसला कीं शेतकऱ्याचा हात खुरप्याकडे जातो. वरचें पातें उपटलें तरी जमिनींतील गांठ शिल्लक राहते आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हां डोकें वर काढतो. त्याच गांठी वाळून काष्ठौषधींच्या दुकानांत गेल्या म्हणजे त्यांस मोथा म्हणतात. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत ‘मुस्ता’ या नांवानें त्यांचा उल्लेख आहे. एकाच वनस्पतीच्या वांट्यास शेतांत शिव्या आणि औषधालयांत मान आला. परंतु मळ्यांतील या एका जातीच्या दुर्लौकिकामुळें तिच्या साऱ्या कुळावर तणाचा शिक्का बसला, आणि त्याची किंमत सह्याद्रीच्या बागांस मोजावी लागली.

हें कुळ दिसावयास गवतासारखें असलें तरी गवत नव्हे. गवताची काडी गोल, पेरांची आणि बहुधा पोकळ असते. लव्हाळ्याच्या कुळांतील काडी बहुधा तिकोनी व भरींव असते, आणि पानें तीन रांगांनीं निघतात. मळ्यांतील लव्हाळ्यास ऊन लागतें. दाट सावलींत तो खंगतो. उलट त्याच कुळांतील ‘केअरेक्स’ गणाच्या कांहीं जाती डोंगरांतील राईच्या सावलींत सुखानें नांदतात. त्यांचे झुबके व दाट मुळ्या झाडाखालची माती धरून ठेवतात.

सातारा जिल्ह्यांतील महाबळेश्वर हें या गोष्टीचें उत्तम उदाहरण होय. तेथें वर्षाला सुमारें अडीचशें इंच पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. जांभ्या दगडावरील माती पातळ. अशा ठिकाणीं अंजनी, जांभूळ, पिसा यांच्या छायेखालीं जमीन झांकून ठेवणाऱ्या वनस्पतींचें महत्त्व सांगावयास नकोच. १८२४ सालीं लॉडविक हा लष्करी अधिकारी या पठारावर आला. १८२९ सालीं सर जॉन माल्कम यांनीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशीं करार करून, खंडाळा गांवाच्या मोबदल्यांत ही जागा घेतली व माल्कमपेठ वसली. बंगले झाले, बंगल्यांभोंवतीं बागा झाल्या. येथील तुरुंगांत आणलेल्या चिनी व मलायी कैद्यांनीं बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या. तो तुरुंग १८६४ सालीं बंद झाला. १८६५ सालीं लिंगमळ्यास सिंकोना लावण्यांत आला. हिंवतापावरील कोयनेल येथेंच तयार व्हावें ही आशा होती; परंतु अतिवृष्टीपुढें ती टिकली नाहीं.

दूरदेशच्या रोपांसाठीं एवढी खटपट झाली. राईखालच्या या रहिवाशांकडे मात्र माळ्याचें लक्ष गेलें नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्यांस ओळखलें होतें. थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांत या कुळाचें वर्णन आहे. पुढें ब्लॅटर व मॅककॅन यांनीं त्याची पुन्हां छाननी केली. ग्रंथांत स्थान मिळालें, बागेंत मिळालें नाहीं. रंगीत फूल नाहीं आणि नांव तणाचें, हाच काय तो अपराध! शहरांतल्या कुंड्यांत मिरवणारें छत्रीगवत याच कुळांतील असलें तरी तें आफ्रिकेकडून आलेलें आहे.

आंब्याफणसाखालीं हरळी धरत नाहीं, ही तक्रार घरोघर ऐकूं येते. हरळीला ऊन हवें. तेथें हट्ट व्यर्थ आहे. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर सावलींतील जातीचा झुबका मुळ्यांसह विभागून वीतभर अंतरावर लावावा. कोंब मातींत गाडूं नये. पालापाचोळा झाडून नेऊं नये, कारण राईंत तोच खत आणि तोच ओलावा. पहिला उन्हाळा पाणी द्यावें. मात्र झुबका मिळवावा तो रोपवाटिकेंतून किंवा मालकीच्या जमिनींतून, मालकाच्या संमतीनें. कास, कोयना व चांदोली यांचा २०१२ सालीं जागतिक वारशांत समावेश झाला आहे. अशा राखीव भूमींतून मूळ उपटून आणणें म्हणजे देवळांतली समई घरीं नेण्यासारखें होय.

सांगली जिल्ह्यांत यास आणखी एक धडा जोडतां येतो. सागरेश्वराचे उघडे डोंगर धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानें झाडांनीं पुन्हां झांकले गेले, आणि १९८५ सालीं तेथें अभयारण्य झालें. आधीं छाया उभी करावी लागते. मग छायेखालच्या जमिनीचा प्रश्न येतो. महाबळेश्वरीं पडलेलें पाणी कृष्णा व कोयना यांच्या वाटेनें कऱ्हाडास एक होतें आणि पुढें सांगलीस पोहोंचतें. २०१९ सालच्या महापुरानें हें नातें सांगलीकरांस फार कठोरपणें स्मरण करून दिलें. बागेंतील चार झुबके महापूर अडवीत नाहींत; पण डोंगरावरची माती जागच्याजागीं राहणें हें खालच्या गांवांचेंही हित आहे. ती माती धरणाऱ्या वनस्पतीस सरसकट तण म्हणणें खाली राहणाऱ्यांस तरी परवडणारें नाहीं.