मापट्यापासून पाकिटापर्यंत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कथा-कविता मला जमायच्या नाहीत. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, “वाणसामानाची यादी तुमच्याइतकी बारकाईने कोणी करीत नाही. त्यावरच लिहा.” तेव्हा कोठे धीर आला. लेखात चूकभूल आढळल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावी.

काटकसर ही काही मी शोधून काढलेली गोष्ट नव्हे. ती मला सासूबाईंकडून मिळाली. त्यांच्या लोखंडी पेटीत हिशेबाच्या अकरा वह्या होत्या. पहिली १९७१ सालची, म्हणजे त्या लग्न होऊन परळच्या चाळीत आल्या तेव्हाची. राजेराण्यांचा इतिहास पुस्तकात असतो, तसा आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास अशा वह्यांत असतो, असे मला पुढे वाटू लागले.

सासूबाईंच्या आईच्या काळात धान्य मापाने मिळे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली आणि सोळा पायल्यांचा मण. माप शिगोशीग भरले की पसरून, यावर वाण्याची आणि गिऱ्हाइकाची रोज हुज्जत. १९५६ साली मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आले. त्याआधी १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे सुरू झाले होते. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. किलो शेरापेक्षा थोडा मोठा, कारण शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्यामुळे भाव वाढला की माप वाढले, हेच पुष्कळ बायकांना उमगेना. सासूबाई सांगत, “आमची आई मरेपर्यंत मनातल्या मनात शेराचाच हिशेब करी.”

मुंबईत रेशनिंग आले ते महायुद्धात, १९४३ साली. पिशवी आणि कार्ड घेऊन रांगेत उभे राहणे हे तेव्हापासून बाईच्या वाट्याला आले. पण त्याच रांगेतून एक चांगली गोष्टही निघाली. १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत लोकांनी सहकारी ग्राहक संस्था काढली. तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून नावारूपाला आली. दुकानाचे मालक गिऱ्हाईकच, मग फसवणार कोण आणि कोणाला? ही कल्पना मूळची इंग्लंडातली. तेथे रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस जणांनी, त्यांत बरेचसे विणकर, थोडे थोडे पैसे साठवून पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या विकणारे छोटेसे दुकान थाटले होते. तिकडच्या विणकरांची युक्ती इकडच्या गिरणीवाल्यांच्या कामी आली म्हणायची. सासूबाईंनी अपना बाजारातून आणलेल्या पहिल्या रव्याची नोंद वहीत आहे. समोर लिहिले आहे, “वजन बरोबर.” या दोन शब्दांत त्या बाईला किती समाधान वाटले असेल!

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. साखर, तेल, रॉकेल यांचे भाव चढले, आणि रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळू लागला. त्याची भाकरी थापताना तुटे. त्या वर्षी निरनिराळ्या पक्षांच्या महिला एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्यासारख्या बाया पुढे होत्या. घरातले लाटणे आणि थाळी हेच त्यांचे शस्त्र. सासूबाई तेव्हा एकवीस वर्षांच्या. चाळीतल्या बायकांबरोबर त्याही थाळी वाजवीत मोर्चाला गेल्या. घरी परतल्यावर त्यांच्या सासूने विचारले, “साखर मिळाली का?” या म्हणाल्या, “साखर नाही मिळाली, पण जीभ मिळाली.” हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे झाले आहे.

पुढे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. बिंदुमाधव जोशी, गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसे तिच्या उभारणीत होती. तिची रीत मला फार आवडते. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात. दर महिन्याला सगळ्यांच्या याद्या एकत्र करून माल घाऊक आणला जातो, आणि तो वाटून घ्यायचे काम सभासदांनी पाळीपाळीने करायचे. दलालीही वाचते आणि शेजारधर्मही टिकतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मामंजींची गिरणी पुन्हा धड चाललीच नाही. त्या वर्षीच्या वहीत ‘दूध’ या शब्दापुढे सात महिने नुसती रेघ ओढलेली आहे. मी ती वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ पान उलटवू शकले नाही.

१९९४ साली कुटुंब इकडे सिडकोच्या इमारतीत राहायला आले. दारावे, करावे ही गावे तेवढी जुनी. बाकी मोकळी जागा, चिखल आणि वारा. पण १९८० नंतरच्या वर्षांत मुंबईचे घाऊक बाजार एकेक करून वाशी-तुर्भ्याला हलले होते. त्यामुळे सासूबाई म्हणत, “आपण दाणाबंदराच्या मागोमाग आलो.” कांदेबटाटे गोणीने आणावे, तांदूळ उन्हाळ्यात भरून एरंडेल लावून ठेवावे, हा त्यांचा क्रम चालूच राहिला.

मी २००१ साली सून म्हणून या घरात आले. तेव्हा मोठमोठ्या दुकानांचे वारे नुकतेच सुटले होते. दुकानात शिरून आपल्या हाताने माल घ्यायचा, ही पद्धत अमेरिकेत मेम्फिस शहरी १९१६ साली ‘पिग्ली विग्ली’ नावाच्या दुकानाने सुरू केली. चाकांची ढकलगाडी तिकडेच १९३७ साली निघाली. लोक ती ढकलायला लाजत, तेव्हा मालकाने पगारी माणसे ठेवून दुकानात फिरवली म्हणे! मला मात्र कोणी शिकवावे लागले नाही. पहिल्याच खेपेला मी गाडी शिगोशीग भरली. साबणाच्या पुड्यावर बादली मोफत होती, म्हणून तीन पुडे घेतले. वाण्याकडे बाराशेत भागणारे सामान, त्याचे बिल अठराशे सत्तर झाले. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. रात्री वही उघडून त्यांनी लिहिले, “बादल्या ३, रु. ६७०.” आवळा देऊन कोहळा काढणे म्हणजे काय, ते मला त्या ओळीने शिकवले. त्या बादल्यांपैकी एक अजून गच्चीत आहे.

मोठी दुकाने वाईटच असतात असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या शेजारचीच गोष्ट पाहा. १९९९ साली नेरूळला अपना बाजारचे एक दुकान राधाकिशन दमाणी यांनी चालवायला घेतले होते. ती पद्धत त्यांना पटली नाही. पुढे २००२ साली त्यांनी पवईला ‘डीमार्ट’चे पहिले दुकान काढले. जागा शक्यतो स्वतःची, म्हणजे भाडे नाही. माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे, म्हणजे भाव उतरून मिळतो. आणि सणापुरती नव्हे तर रोजचीच स्वस्ताई. नीट पाहिले तर चांगल्या गृहिणीचेच हे नियम आहेत! ‘बिग बझार’ने २००६ साली २६ जानेवारीला ‘सबसे सस्ता दिन’ केला, तेव्हा गर्दी आवरेना. २०२२ साली ती दुकाने बंद झाली. म्हणून म्हणते, दुकाने येतात आणि जातात, आपली यादी आपल्याच हातात राहते.

आता जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट सांगते. २०१४ साली एका मोठ्या दुकानात तेलाच्या पिशवीखाली ८८ रुपयांची चिठ्ठी होती, आणि बिलात लागले ९९. चार पिशव्यांचे ४४ रुपये जास्त. असे पूर्वीही दोनदा झाले होते आणि मी गप्प घरी आले होते. आपण सातवी शिकलेल्या, मागे रांग लागलेली, पोरगा इंग्रजीत बोलायला लागला तर? त्या दिवशी सासूबाई बरोबर होत्या. म्हणाल्या, “पैसे आपले आहेत. लाज कसली?” मी बोलले. पोरगा म्हणाला, पाकिटावरची छापील किंमत याहून जास्त आहे. मी म्हटले, “छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही चिठ्ठीवर लिहिलाय तो भाव कोणासाठी?” मागचे लोक कुरकुरले. माझे हात थरथरत होते. शेवटी वरचा माणूस आला, चिठ्ठी पाहिली, आणि ४४ रुपये परत मिळाले. वहीत नोंद झाली, “परत आले ४४.” खाली आणखी एक ओळ होती, “सूनबाई बोलल्या.”

भगिनींनो, १९८६ पासून ग्राहकासाठी कायदा आहे, २०१९ साली तो नव्याने झाला. पाकिटावर सर्व करांसह किंमत छापलेली असते. हल्ली एका ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापतात. तो जरूर वाचावा. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडतेच असे नाही. दहा रुपयांचा बिस्किटपुडा दहालाच मिळतो, पण त्याचे वजन घटलेले असते. तेलाची लिटरची पिशवी साधारण ९१० ग्रॅमची भरते. लिटर आणि किलो एकच समजून दोन पिशव्यांची तुलना करू नये. आणि पोट रिकामे ठेवून दुकानात जाऊ नये, गाडी फार भरते.

या शिकवणीची कसोटी लागली ती २०२० च्या टाळेबंदीत. यजमानांचा पगार पाच महिने निम्मा झाला. थोरलीला पदविकेला प्रवेश घ्यायचा होता. सासूबाईंनी वह्या काढल्या. कोठे कापायचे हे त्यांना ठाऊक होते, आणि कोठे कापायचे नाही हेही. “दुधावर रेघ ओढायची नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. टाळेबंदी सैल झाल्यावर आपल्या मंडळातल्या अकरा घरांनी मिळून तुर्भ्याहून तूरडाळ, तांदूळ, साखर आणली. तोंडाला मास्क बांधून आपण जिन्याखाली तराजू मांडला होता, आठवते ना? डाळीत किलोमागे सात-आठ रुपये वाचले. एका पोत्यातल्या तांदळात टोके निघाले, तेव्हा थोडी कुरबूरही झाली, पण नुकसान अकराजणींनी वाटून घेतले. थोरलीची फी वेळेवर भरली गेली. त्यात त्या डाळीचाही वाटा आहे, हे मी विसरत नाही.

दोन वर्षांनी ते काम बंद पडले. भांडण नव्हे, तोलायला वेळ कोणाला नाही, एवढेच कारण. आता मोबाइलवर बोट लावले की सामान दाराशी येते. मीही कधी कधी मागवते, खोटे कशाला सांगू? पण त्यात ‘वजन बरोबर’ म्हणणारे शेजारी कोणी नसते.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. अकरावी वही अर्धी कोरी आहे. मी ती पुढे लिहिते आहे. माझे अक्षर त्यांच्याइतके वळणदार नाही. पण पुढच्या पानावर अकरा घरांच्या नावांसाठी मी रकाने आखून ठेवले आहेत. दिवाळीच्या आधी निदान डाळ आणि साखर तरी एकत्र आणावी, अशी माझी मंडळाला विनंती आहे. तराजू माझ्याकडेच आहे. तोलायला पहिली पाळी माझी.