छळाचे माप

मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या ज्या मालेत छापले जात, तिच्या पहिल्याच खंडात यमुनाबाई विरुद्ध नारायण मोरेश्वर पेंडसे हा १८७६ सालचा निवाडा आहे. पत्नीला नांदावयास आणण्यासाठी पतीने दिवाणी फिर्याद लावावी आणि पत्नीने त्याच्या क्रौर्याकडे बोट दाखवून सासरी जाण्याचे नाकारावे, अशा प्रसंगी कोणते वर्तन क्रूर समजावे, या प्रश्नाचे जे उत्तर न्यायमूर्तींनी त्या वेळी दिले, ते पुढे कित्येक पिढ्यांच्या विवाहित स्त्रियांना भोवले. म्हणून त्याची हकिकत जरा विस्ताराने सांगितली पाहिजे.

या बाबतीत हिंदू धर्मशास्त्र विलायती कायद्याहून फारसे निराळे नसावे, असे धरून चालून न्यायालयाने माप विलायतेतूनच आणले. त्याचे मूळ १७९० सालचे होते. एव्हान्स पतिपत्नींच्या खटल्यात सर विल्यम स्कॉट, म्हणजे पुढचे लॉर्ड स्टोवेल, यांनी असे ठरविले होते की, तापट स्वभाव, उर्मट भाषा आणि अनादर यांनी मनाला कितीही क्लेश होत असले, तरी जोपर्यंत त्यांत शरीरास इजा होण्याचे भय नाही, तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ते क्रौर्य नव्हे. मुंबईनेही तेच मानले: जीवितास वा आरोग्यास धोका पोचेल अशी प्रत्यक्ष मारहाण, नाहीतर तिची सयुक्तिक भीती. जिच्या अंगावर वळ नाहीत तिची कैफियत या मापात बसत नव्हती. आणि जिच्या अंगावर वळ होते तिला साक्षीदार आणावयाचे ते सासरच्याच माणसांतून! निकाल विरुद्ध गेला तर काय ओढवे, हे १८८७ साली रखमाबाईंच्या खटल्याने, त्यात प्रश्न निराळा असला तरी, साऱ्या देशाला दाखविले: नवऱ्याकडे जा, नपेक्षा सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करला. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, म्हणून तो टळला. कैदेची ही तरतूद मात्र १९२३ पर्यंत कायद्यात राहिली.

१९४६ च्या कायद्याने पतीजवळ राहणे धोक्याचेच नव्हे, तर अनिष्ट झाले असले, तरीही हिंदू पत्नीस विभक्त राहून पोटगी मागण्याचा हक्क दिला. तथापि जुने माप खऱ्या अर्थाने मोडले ते १९७५ साली, आणि तेही एका पतीच्या अर्जावर. पुण्याच्या दिवाणी न्यायालयात सुरू झालेल्या दास्ताने खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी स्पष्ट केले की, जीविताच्या धोक्याची विलायती कसोटी येथे लागू नाही, आणि क्रौर्य हे फौजदारी गुन्ह्याप्रमाणे निःसंशय सिद्ध करण्याची गरज नाही. संभाव्यतेचे पारडे जड असले म्हणजे पुरे. स्त्रियांना याचा जो उपयोग झाला, तो मी फार मोठा मानतो.

पुढे १९८३ साली दंडसंहितेत पत्नीचा छळ गुन्हा ठरविणारे कलम ४९८-अ आले, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याने शिवीगाळ, आर्थिक कोंडी, घराबाहेर काढणे, हे सारे हिंसाचारात मोडते असे प्रथमच लिहून ठेवले. सासूच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल त्या कायद्याच्या हेतूला बाधक होता. तो चुकीचा होता हे त्याच न्यायालयाने २०२० साली मान्य केले, परंतु मधली चौदा वर्षे ज्या सुना त्या निकालाच्या आधारे बाहेर काढल्या गेल्या, त्यांना ती दुरुस्ती कशी उपयोगी पडणार?

आज माप पुरेसे रुंद आहे. उणीव आहे ती मुदतीची. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज साठ दिवसांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे हा २००५ चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तारखांमागून तारखा पडून वर्षे उलटतात. म्हणून दंडाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, पुढची तारीख देण्यापूर्वी, तोवर ही बाई कोणाच्या घरात राहणार आहे, हे त्यांनी तिला विचारावे. अंतरिम आदेशाचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम २३ ने त्यांना दिलेलाच आहे.