सरका, पाहुण्यांना बसू द्या

साल 1893. राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीत तुम्ही खिडकीशी बसला आहात. समोर तिशीतला एक ब्राह्मण आहे, नारायण वामन टिळक. कविता करणारा, व्याख्यानं गाजवणारा, कुठल्याच नोकरीत फार काळ न रमलेला. त्याच्याजवळ एक गोरा प्रवासी बसला आहे. गोऱ्या साहेबाशी बोलताना नेटिवाने जपून राहायचे हे दिवस, पण हा माणूस आदराने बोलतो. संस्कृत काव्यावरून गोष्ट निघते आणि हळूहळू ख्रिस्तावर येते. तुम्हांला वाटतं, आता खडाजंगी होणार. तसं काहीच होत नाही. उतरण्यापूर्वी तो टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत देतो आणि म्हणतो की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

त्या माणसाचं नाव टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या प्रतीचं पुढे काय झालं, हे त्यालाही कधी कळलं नसावं. साक्ष देण्याचं धैर्य म्हटलं की मला आधी तोच आठवतो. परक्या माणसाशी मनापासून बोलला, पुस्तक दिलं आणि निघून गेला. त्याने पाठपुरावा केला नाही, की पावती मागितली नाही.

टिळक पेन्सिलीने खुणा करत वाचायला बसतात आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकतात. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा होतो. त्याची किंमत लगेच मोजावी लागते. नातलग तुटतात. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन दूर राहतात. नवऱ्याच्या धर्मांतराने त्या किती कोसळल्या, हे पुढे 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्या स्वतःच लिहितील.

आता नगरला या, आजच्या अहिल्यानगरला. एकोणिसावं शतक सरत आलं आहे आणि पावसाने दगा दिला आहे. नवराबायको पुन्हा एका छपराखाली आली आहेत. दारातून आत डोकावलात तर लक्ष्मीबाईंची चूल वेगळी दिसेल. हंडाही वेगळा. तहान लागली तरी तिकडे हात नेऊ नका. तुम्ही कोण, कुठले, हे इथे कुणाला ठाऊक नाही, आणि सोवळ्यात ती विचारपूस आधी होते.

ज्या माणसाने ख्रिस्तासाठी घरदार पणाला लावलं, त्याच्याच स्वयंपाकघरात विटाळ पाळला जातो आहे, आणि तो हंड्याला हात लावत नाही. बाहेर लोकांसमोर उभं राहून बोलण्यापेक्षा हे कितीतरी कठीण. ज्या सत्याने आपलं आयुष्य पालटलं ते आपल्याच माणसाला पटत नाही, आणि तरी त्याच्या विवेकावर जबरदस्ती करायची नाही! टिळक तापट होते, हे लक्ष्मीबाईंनी कुठेही लपवलेलं नाही. म्हणून तर हे थांबणं मला मोठं वाटतं.

मग मुक्काम राहुरीला. लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करत राहतात: जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर त्यांचं त्यांना सापडतं आणि सोवळं सुटतं. आता कुणाच्याही हातचं पाणी चालतं. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा होतो.

आणखी थोडी वर्षं पुढे सरका. रविवारची उपासना आहे. नगर जिल्ह्याच्या मंडळीत बहुतेक माणसं महार आणि मांग समाजांतून आलेली. गावात त्यांना विहिरीवर चढू देत नाहीत. तुम्ही दाराशी घुटमळता. नऊवारी नेसलेली एक बाई मागे वळून पाहते आणि पोरांना दामटते, "सरका रे, पाहुण्यांना बसू द्या." मांडीवरचं लेकरू सावरत ती स्वतःही सरकते. "कुठून आलात? जेवून जायचं हं."

टाळ वाजू लागतात. साहेबी चालीवरच्या भाषांतरित गीतांनी मराठी माणसाचा गळा मोकळा होत नाही, हे टिळकांनी ओळखलं होतं. ख्रिस्ती कीर्तनाची वाट कृष्णराव सांगळ्यांनी आधीच पाडली होती. टिळकांनी मंडळीच्या तोंडी अभंग दिले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आज 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडलं तर त्यांची गीतं पानोपानी भेटतात.

मग प्रभुभोजन. पेला एकच. भाकर मोडली जाते आणि तो पेला हातोहात पुढे सरकतो. ज्याच्या सावलीचाही गावाला विटाळ होतो, त्याच्या ओठांना लागलेला पेला पुढचा माणूस आपल्या ओठांना लावतो. ब्राह्मणाचा नातू असो की वेशीबाहेरच्या वस्तीतला शेतमजूर. त्या काळी याहून धीट प्रवचन कुठल्या पाळकाने केलं असेल, असं मला वाटत नाही.

शेवटी साताऱ्याला चला. 1917. टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आहे. ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहून ते 'देवाचा दरबार' नावाचा शिष्यमेळा मांडतात. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा आहे. जुन्याजाणत्या ख्रिस्ती माणसांना हे पचणं अवघड होतं आणि त्यांची शंका खोटी नव्हती: बाप्तिस्म्याला मग अर्थ काय उरला? तरी माझा कौल टिळकांकडे आहे. ज्याच्या मनात ख्रिस्ताची ओढ आहे, पण घरच्यांच्या धाकाने पाण्यापर्यंत पाय पोहोचत नाहीत, त्याला उंबऱ्याबाहेर किती वर्षं ताटकळत ठेवायचं? टिळकांनी हे ताटकळणं स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

9 मे 1919 ला टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. त्या स्वतः कीर्तनाला उभ्या राहू लागल्या. अशा एखाद्या कीर्तनाला थांबा. पुढे बसायला जागा आहे, आणि तुमची जात तिथे कुणी विचारणार नाही.